एकशे तीसची रेघ

“कार्डं?” हिंदुराव म्हणाले. “भाऊसाहेब, आपण पाळण्यात बसायला आलोय का परीक्षेला?”

थीम पार्कच्या फाटकातून आत येऊन आम्ही जेमतेम दहा पावलं गेलो होतो आणि मी शर्टाच्या खिशातून चौदा कार्डं काढली होती. मी ग्रंथपाल होतो त्या कॉलेजात संगणक आला तेव्हा पुस्तकांच्या तालिकेची कपाटं मोडीत निघाली. उरलेली कोरी कार्डं मी घरी आणली होती, खाली खणातली सळई ओवायला भोक असलेली. प्रत्येक कार्डावर एकेका राइडची माहिती होती. नाव, उंची, वेग, बसायची रचना, आणि मुलाची उंची किमान किती हवी. ज्यांना थरार हवा त्यांच्यासाठीच्या राइडच्या कार्डावर कोपऱ्यात लाल रेघ, घरच्या सगळ्यांनी मिळून बसण्यासारखी असेल तर हिरवी. त्यासाठी मी पार्कच्या कचेरीत तीन वेळा फोन केला होता. तिसऱ्या वेळी फोनवरच्या मुलीने मला विचारलं होतं, “काका, तुम्ही नक्की येणार आहात ना?”

“दाखव, दाखव,” म्हणत रेवाने कार्डं माझ्या हातातून ओढली.

रेवा माझी नात, त्या वेळी नऊ वर्षांची. हिंदुराव साळुंखे माझे व्याही, म्हणजे सुनेचे वडील. मुलगा आणि सून आम्हा तिघांना फाटकाशी सोडून पनवेलला एका लग्नाला गेले होते आणि पाचला परत येणार होते. दोन आजोबा, एक नात आणि एक दिवस. मी त्या दिवसाची तीन आठवडे तयारी केली होती. हिंदुराव आदल्या रात्री कराडहून आले ते रेवासाठी बूट घेऊन. जाड तळव्यांचे, पाऊल टाकलं की टाचेत लाल दिवे लुकलुकणारे. माझ्या तीन आठवड्यांना त्या दिव्यांनी दहा सेकंदांत मागे टाकलं.

“यातलं सगळ्यात उंच कुठलंय?” रेवाने विचारलं.

“आधी हे बघ,” मी म्हणालो, “सुरवंट. हिरवी रेघ. नंतर खाणगाडी, मग जेवण. भरल्या पोटी गोल फिरणारं काही नको, म्हणून दुपारी...”

“सगळ्यात उंच कुठलं, आजोबा?”

“वज्र,” मला सांगावं लागलं. “पण त्यावर लाल रेघ आहे.”

“मग वज्रच!” असं म्हणून तिने वळून पाहिलं ते हिंदुरावांकडे. “हो की नाही, आबा?”

“आता तू म्हणशील तसं,” हिंदुराव म्हणाले आणि मोठ्याने हसले. “तुझे हे आजोबा म्हणजे लायब्ररीतलं ते... काय म्हणता तुम्ही त्याला भाऊसाहेब? जे घरी नेऊ देत नाहीत?”

“संदर्भग्रंथ,” मी म्हणालो.

“हां. तिथंच बसायचं, तिथंच बघायचं, गपगुमान जागेवर ठेवायचं. आणि मी गं?”

“तू घरी न्यायचं पुस्तक!” रेवा ओरडली. “पानं फाटलेलं!”

दोघं हसली. मीही हसलो. थट्टा चांगली होती, हे आजही कबूल करतो. पण त्या दिवसानंतर कितीतरी वेळा रात्रीचं पुस्तक मिटताना मला ते वाक्य आठवलेलं आहे. तिथंच बसायचं, तिथंच बघायचं.

वज्रच्या रांगेकडे जाताना मी फारसा काळजीत नव्हतो. कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, किमान उंची एकशे तीस सेंटिमीटर. आदल्या संध्याकाळी मी रेवाला पुस्तकांच्या कपाटाला टेकवून अनवाणी उभं केलं होतं आणि डोक्यावर शब्दकोश आडवा धरून पेन्सिलीने खूण केली होती. दर दिवाळीला करतो तशी. एकशे अठ्ठावीस. म्हणजे वज्रचा प्रश्न वज्रच्या पायरीवरच मिटणार होता. मला वाईटपणा घ्यायचं कारण नव्हतं. मी आयुष्यभर असाच वाईटपणा टाळत आलो आहे. दंड नियमाने होतो, ग्रंथपाल फक्त सांगतो.

रांग लांब होती. वर निळ्या लोखंडी रुळांवरून गाडी कडाडत जायची, माणसं किंचाळायची आणि रेवा टाचा उचलून बघायची. दिवे लुकलुकायचे.

“आबा, घाटाची गोष्ट सांग ना.”

“किती वेळा ऐकशील?”

“सांग!”

हिंदुराव एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यांची घाटाची गोष्ट आमच्या दोन्ही घरांत पाठ होती. कुंभार्ली उतरताना गाडीचे ब्रेक गेले, खाली दरी, आत त्रेचाळीस माणसं आणि एका म्हातारीची शेळी. हिंदुरावांनी गियर पाडत पाडत गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली आणि चरात घालून थांबवली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

“मग त्या दोन शेळ्या...” हिंदुराव सांगत होते.

“मागच्या वेळी एक होती,” मी म्हणालो.

“आँ?”

“शेळी. मागच्या आवृत्तीत एकच होती.”

आमच्या पुढे उभं असलेलं जोडपं हसलं. हिंदुरावही हसले. “आता एवढ्या वर्षांत एक व्याली नसंल का, भाऊसाहेब?”

सगळी रांग हसली. रेवा तर त्यांच्या कमरेला मिठी मारून हसत होती. मला वाटलं, माझ्याकडे अशी एकही गोष्ट नाही. चौतीस वर्षं मी पुस्तकं दिली, पुस्तकं घेतली. एकदा ग्रंथालयाच्या छतातून पाणी गळलं होतं आणि मी ज्ञानकोशाचे खंड छत्रीखाली धरले होते. ही काही नातीला सांगायची गोष्ट नव्हे. सांगून पाहिली होती. तिने विचारलं होतं, “मग?”

मी खाली बघत उभा राहिलो. रेवाचे बूट लुकलुकत होते. त्यांच्या शेजारी हिंदुरावांची चप्पल होती. मी त्या बुटांकडे किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. मान वर केली तेव्हा हिंदुराव माझ्याकडेच बघत होते. त्यांनी नजर काढून घेतली.

पायऱ्यांजवळ आल्यावर कळलं की एका ओळीत दोघांचीच जागा. हे माझ्या कार्डावरही होतं.

“भाऊसाहेब,” हिंदुराव म्हणाले, “तुम्ही बसा पोरीजवळ. मुलाकडचे तुम्ही. मान तुमचा.”

“छे, छे. तुम्हीच बसा.”

“अहो, बसा की! मी इथं खाली थांबतो. पिशवी सांभाळतो.”

“नाही, नाही. खरंच तुम्हीच.”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पानात जिलबी वाढायला आलं तरी दोनदा नको म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मग पानावरचा हात काढायचा. मला वज्रमध्ये बसायचं नव्हतं, पण मला बसवून घेतलं जायला हवं होतं. मी पानावर हात धरून तिसऱ्या आग्रहाची वाट बघत होतो. हिंदुरावांनी तोंड उघडलंही.

“आजोबा नको म्हणतोय ना!” रेवा मधेच म्हणाली. “आबा, तूच चल!”

झालं. तिने त्यांचा हात धरला आणि ओढत पायरीवर नेलं. लहान मुलं शब्दाचा अर्थ शब्दकोशातला धरतात, यात त्यांचा काय दोष?

वरच्या पायरीपाशी पार्कची एक मुलगी उभी होती. तिच्या शेजारी रंगवलेला खांब आणि त्यावर एकशे तीसची जाड पिवळी रेघ. रेवा खांबाला पाठ लावून ताठ उभी राहिली. मुलीने तळहात आडवा धरला. डोकं रेघेला टेकलं. बरोबर टेकलं.

“ओके. जा बेटा,” मुलगी म्हणाली.

रेवाने मागे वळून हिंदुरावांकडे पाहिलं. तो चेहरा मला अजून दिसतो. तसा चेहरा माझ्यासाठी कधी झाला नव्हता. ऐंशी रुपयांच्या पुस्तकासाठी नाही, आठशेच्या पुस्तकासाठीही नाही.

“बूट,” मी म्हणालो.

माझा आवाज मुळात लहान. पण त्या वेळी गाडी लांब गेलेली होती आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

“काय काका?”

“बूट काढून मोजतात. तळवे जाड आहेत तिचे.”

मुलीने बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बेटा, जरा बूट काढ.”

रेवाने बूट काढले. अनवाणी खांबाला टेकली. तळहात आडवा झाला. डोकं आणि रेघ यांच्यामध्ये दोन बोटं जागा राहिली.

“सॉरी हं बेटा. पुढच्या वर्षी ये. नक्की बसशील.”

मला वाटलं, आता हिंदुराव भांडतील. सुट्ट्या पैशांवरून, रांगेवरून, उसाच्या रसातल्या बर्फावरून भांडणारा माणूस. मी मनातल्या मनात उत्तरंही तयार केली. पण हिंदुराव म्हणाले, “नियम म्हंजी नियम,” आणि पायऱ्या उतरायला लागले. कठडा धरून, एकेक पायरी.

रेवा रडली नाही. बूट हातात घेऊन ती आमच्या पुढे चालत गेली आणि झाडाभोवतीच्या पारावर आमच्याकडे पाठ करून बसली. आम्ही दोघं समोरच्या बाकावर बसलो. दुपारचे बारा वाजत होते. हिंदुरावांनी बाटलीतलं निम्मं पाणी एका दमात संपवलं.

“भाऊसाहेब,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “उपकार झाले.”

मला वाटलं टोमणा आहे.

“तुम्ही ओळखलंत. रांगेत माझा पाय बघत होता तुम्ही. मला कळलं तवाच, ह्यांनी वाचलं आपल्याला.”

“पाय?”

“हा,” त्यांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा हलत होता. चप्पल जमिनीवर दाबली जात होती, सुटत होती, पुन्हा दाबली जात होती. “घाटाचं झालं ना, त्यानंतर मी घाट केलाच नाही. अर्ज दिला. कराड-मसूर घेतली. सपाट रस्ता, एका दिवसात चार फेऱ्या. लेकीला सांगितलं, घाटाचा कंटाळा आला. दुसऱ्याच्या हातातली गाडी उताराला लागली की माझा पाय ब्रेक शोधतो. सापडत नाही, मग घाम फुटतो. आणि ह्या असल्या गाडीला तर ड्रायव्हरच नाही!” त्यांनी वर बघितलं. गाडी कडाडत गेली आणि त्यांचा पाय जमिनीत रुतला. “तुम्हाला दोनदा म्हणालो, तुम्ही बसा म्हणून. मनापासून म्हणत होतो. तुम्ही ऐकंनात. तिसऱ्यांदा पाया पडणार होतो, तर पोरगी बोलली. म्हटलं, आता मेलो. तेवढ्यात तुम्ही म्हणाला, बूट.”

मी काहीतरी बोलायला हवं होतं. ‘हिंदुराव, मी तुमचा पाय पाहिलाच नाही, मी तुम्ही आणलेले बूट बघत होतो’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

“असू द्या,” मी म्हणालो.

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. आणि मी, त्यांचा हात हातात असताना, हिशेब करत होतो. आता माझ्याकडे त्यांची खरी गोष्ट होती. शेळी एक की दोन, याहून फार मोठी दुरुस्ती. रेवाला नुसतं सांगितलं असतं की तुझ्या आबांना भीती वाटते म्हणून मी थांबवलं, तर मी एका फटक्यात दुष्टाचा भला झालो असतो आणि ते... ते काय झाले असते, हे मी मनात पूर्ण होऊ दिलं नाही. पण सुरुवात केली होती. ते लपवत नाही.

रेवा उठून आमच्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे कोरडे, ओठ घट्ट.

“आजोबा, तू मुद्दाम केलंस.”

“हो,” मी म्हणालो. त्या दिवसातला माझा एवढाच खरा शब्द.

“का?”

मी हिंदुरावांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित ते बोलले नसते. ते खाकरले.

“माझ्यासाठी केलं त्यांनी,” ते म्हणाले. “मला भीती वाटते गं. उताराची.”

“तुला?” रेवा म्हणाली. “तुला?”

“लय. घाटाच्या दिवसापासनं. तुला सांगायला लाज वाटत होती. आजोबांनी ओळखलं आणि मला वाचवलं. वाईटपणा स्वतःवर घेतला.”

मी मनात म्हटलं, गेला. आता हा माणूस हिच्या नजरेतून उतरला. आणि तसं वाटताना जे बरं वाटलं, त्याची मला आजही शिसारी येते.

रेवाने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांच्या हलत्या गुडघ्यावर तळहात ठेवला आणि दाबून धरला, रागावलेल्या मांजराला धरावं तसा.

“मग आधी का नाही सांगितलंस? वेडा!” ती म्हणाली आणि त्यांच्या गळ्यात पडली.

शूर होते तेव्हा ते तिचे होतेच. आता भित्रे होऊन ते आणखी तिचे झाले. मी बाकाच्या टोकाला बसून पाहत होतो. एका माणसाने आपली लाज उघडून दाखवली आणि त्याला मिठी मिळाली. माझी लाज माझ्यापाशीच होती, कोरी, कुणी न हाताळलेली.

मग ती माझ्याकडे वळली. “सॉरी आजोबा.”

ती मला सॉरी म्हणाली.

“तुझं ते हिरव्या रेघेचं दे,” ती पुढे म्हणाली. “आबाला झेपेल असं.”

मी सुरवंटाचं कार्ड काढून दिलं. तिने ते मोठ्याने वाचलं, “वेग कमी. उतार सौम्य. आजी-आजोबांसह बसण्यास योग्य,” आणि म्हणाली, “मस्त लिहिलंयस.” तीन आठवड्यांची मजुरी मला मिळाली, ती अशी.

सुरवंट म्हणजे लहान मुलांचं हिरवं रोलर कोस्टर. त्यातही दोघादोघांच्या ओळी. रेवा म्हणाली, “मी पुढे एकटी बसते. तुम्ही दोघं मागे बसा. आबा, आजोबाला धरून बस.” हिंदुराव डावीकडे, मी उजवीकडे. मांडीवर दांडा आला. गाडी निघाली तसा हिंदुरावांनी माझं मनगट धरलं आणि त्यांचा पाय पत्र्यावर वाजायला लागला. टप, टप, टप.

“ब्रेक लागला का?” मी विचारलं. कसं कोण जाणे, थट्टा सुचली.

“लागत न्हाई हो, भाऊसाहेब!” ते डोळे मिटून ओरडले.

एकुलत्या एका बऱ्या उतारावर रेवाने उजवा हात खांद्यावरून मागे सोडला, मागे न बघता, पंजा उघडा. तो माझ्या बाजूने आला. माझ्या छातीसमोर येऊन थांबला. मला वाटलं, माझ्यासाठी आहे. मग वाटलं, कशावरून? आणि तेवढ्यात हिंदुरावांनी माझं मनगट सोडून माझ्यासमोरून हात घातला आणि तो पंजा धरला.

त्याच क्षणी उतारावरच्या कॅमेऱ्याने फोटो काढला. बाहेर पडताना तो विकत मिळत होता, हिंदुरावांनी दोन प्रती घेतल्या. फोटोत रेवा खदखदून हसते आहे, हिंदुरावांचे डोळे गच्च मिटलेले आहेत आणि मी मान वळवून त्यांच्या बाजूला बघतो आहे. दोन्ही घरांत तो लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सून सांगायची, “बाबांना भीती वाटते म्हणून भाऊंचं सगळं लक्ष त्यांच्याकडे, बघा.” हिंदुराव स्वतः सांगायचे, आणि घाटाच्या गोष्टीला त्यांनी हा नवा शेवट जोडला. दर आवृत्तीत माझा चांगुलपणा वाढत गेला. पुढच्या दहा वर्षांत ते दर पावसाळ्यात माझ्याकडे आठ दिवस राहायला येत. माझ्या कपाटातली पुस्तकं काढून वाचत, पानं दुमडून ठेवत. मी ती उलगडत असे. मला त्यांचा लळा लागला होता. मत्सरही गेला नव्हता. दोन्ही एकाच माणसाबद्दल असू शकतात, हे मला वाचून माहीत होतं. वाचून माहीत असणं वेगळं.

हिंदुरावांना जाऊन आता दोन वर्षं झाली. रेवा एकवीस वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात ती बंगळूरला नोकरीला निघाली, तेव्हा निरोप घ्यायला माझ्याकडे आली आणि भिंतीवरचा तो फोटो काढून माझ्याशेजारी पलंगावर बसली.

“हा मी नेऊ?”

“ने की.”

“आजोबा, यात तू नक्की काय बघतोयस? आई म्हणते आबाकडे. पण तुझी नजर त्याच्या चेहऱ्यावर नाहीये. खाली आहे.”

बारा वर्षांत हे तिच्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“तुझा हात,” मी म्हणालो. “तो माझ्यासमोर आला होता. मला वाटलं, माझ्यासाठी आहे. मग आबांनी धरला.”

तिने फोटो जवळ धरून पाहिला. मग हसली.

“अरे, मला काय माहीत मागे कोण कुठल्या बाजूला बसलंय? मी नुसता मागे सोडला होता. जो धरेल त्याचा.” ती उठली, फोटो टेबलावर ठेवला आणि माझ्यापुढे हात केला. “चल, ऊठ. चहा करते. गुडघा दुखतोय ना तुझा?”

‘राहू दे, उठतो मी’ हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी ते गिळले आणि तिचा हात धरला. पहिल्याच वेळी.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी टेबलाचा खण उघडला. चौदा कार्डं तेव्हाच्याच रबरबँडात होती. फक्त रबरबँड हात लावताच तुटला. मी वज्रचं कार्ड काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, “रेवा, मी आबांचा पाय पाहिला नव्हता. तुझे बूट पाहिले होते. ते त्यांनी आणले होते म्हणून काढायला लावले.” अक्षर वाचता येण्यासारखं आलं. फोटोच्या चौकटीमागचा पुठ्ठा सरकवून कार्ड आत घालणार होतो. मग थांबलो आणि जन्माच्या सवयीने खाली आणखी एक ओळ लिहिली.

“बाहेर नेण्यास हरकत नाही.”